न आलेला अर्ज : शिष्यवृत्ती समितीत नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रवेशांची धावपळ ओसरली की आमच्या महाविद्यालयात एक नोटीस फिरते आणि कुणा नव्या प्राध्यापकाचं नाव शिष्यवृत्ती समितीत लागतं. बहुतेकांना ते जादा काम वाटतं. मलाही वाटलं होतं, तेव्हा ठाण्यात वाणिज्य शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती. आता समितीत अकरा वर्षं झाली. नव्याने येणाऱ्यांनी माझ्या चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी पैसा कुठून येतो ते नीट समजून घ्या. सरकारी योजनांमध्ये निवड आपल्या हातात नसते. विद्यार्थी महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरतो, महाविद्यालय कागद तपासून पुढे पाठवतं, रक्कम थेट खात्यात जमा होते. माजी विद्यार्थी आणि हितचिंतक देतात त्या निधीचं वाटप मात्र समिती करते. तो निधी छोटा असतो, म्हणून सरकारी योजनांचे नियम तोंडपाठ हवेत. त्या जिथे थांबतात तिथून निधीचं काम सुरू होतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे, पण ती कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते. दिव्याहून येणारा एक मुलगा घरात तिसरा होता. दोन्ही बहिणींनी योजना घेतलेली, त्यामुळे हा नियमाने बाहेर. उत्पन्न तेच, घर तेच. अशा मुलासाठीच निधी असतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. वडिलांना ओव्हरटाइम मिळाला आणि उत्पन्न थोडंसं वर गेलं की मूल तिथून निसटतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून आलेली पूर्ण शुल्कमाफी मोठी गोष्ट आहे, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आणि लोकलचा पास, पुस्तकं, डबा यांचा खर्च शुल्कमाफीनंतरही उरतोच.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी लोकमान्य नगरमधल्या एका मुलीचा अर्ज माझ्या गठ्ठ्यात होता. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. मी अर्ज बाद केला. सगळ्यांना एकच नियम, म्हणजे न्याय झाला, अशी माझी समजूत होती. दिवाळीनंतर ती वर्गात दिसेना. एका संध्याकाळी गोखले रोडवरच्या एका दुकानात ती काउंटरवर उभी दिसली. आई घोडबंदर रोडला चार घरी पोळी-भाजी करायची. नवा दाखला काढायचा म्हणजे सेतू केंद्रात एक खेप, तलाठ्याकडे दुसरी, आणि प्रत्येक खेपेला चार घरचा खाडा. ते जमलं नव्हतं. मी विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझे मार्क कमी पडले."

ते वाक्य मी विसरू शकलेली नाही. आपण का बाद झालो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तिने दोष स्वतःकडे घेतला. पुढच्या वर्षी निधीतून तिची परीक्षा फी भरली, ती परीक्षेला बसलीही. पण तिचं एक वर्ष गेलं, ते मी परत देऊ शकले नाही.

तेव्हापासून अपुरा अर्ज आम्ही बाद करत नाही. कोणता कागद कमी आहे हे लिहून देतो आणि पंधरा दिवस थांबतो. दाखला खरोखर निघत नसेल तर मालकाचं पत्र, रेशनकार्ड, वीजबिल, नाहीतर आमच्यापैकी कुणी घरी जाऊन केलेली चौकशी, यातलं काहीही चालतं. किसन नगरच्या नाक्यावर रोज कामासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणता मालक पत्र देणार? आणि ज्यांना नाही म्हणतो, त्यांना कारण लेखी देतो, शिवाय अजून कुठे अर्ज करता येईल तेही. नवी मुंबई महानगरपालिका दगडखाण, बांधकाम आणि नाका कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देते, हे दिघा-तुर्भ्यातल्या कितीतरी मुलांना आमच्याकडूनच पहिल्यांदा कळलं.

निवडीच्या दिवसाबद्दल थोडं. अर्जावरचं नाव-आडनाव झाकून नुसता क्रमांक ठेवा. प्रत्येक अर्ज दोघांनी वेगवेगळा वाचायचा, गुण लिहून झाल्यावरच बोलायचं. नाहीतर जो ज्येष्ठ आधी बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. ओळखीच्या घरचा अर्ज असेल तर खोलीबाहेर जा. मुलाखत घ्यायचीच असेल तर अभ्यासाबद्दल आणि पुढच्या बेताबद्दल विचारा. पाच अनोळखी मोठ्या माणसांपुढे वडिलांची दारू किंवा आईचं आजारपण सांगायला लावणं मला अमानुष वाटतं. ते सगळं कागदावर आधीच असतं.

गुणांवरून आमच्यात दरवर्षी वाद होतो, आणि व्हायलाच हवा. पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून कळव्याहून येणाऱ्या मुलाचे ५८ टक्के आणि दोन क्लास लावलेल्या मुलीचे ८४ टक्के एका फूटपट्टीने मोजता येत नाहीत. ८४ वालीची मेहनतही खरीच आहे, तिचं कौतुक दुसऱ्या बक्षिसाने करावं. निधीचा पैसा मात्र जिथे तो नसला तर शिक्षण थांबेल तिथे आधी जावा, या मतावर मी ठाम आहे. एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहून मूल पुढच्या वर्गात गेलं, म्हणून दुसऱ्या वर्षीची मदत लगेच तोडू नका. एक सत्र द्या, आणि त्या मुलाला कुणीतरी तो विषय शिकवा.

देणगीदारांशी बोलणं हा वेगळा भाग आहे. माणसं मनापासून देतात, आणि काही अटीही घालतात: नव्वदच्या वरचेच हवेत, आमच्याच गावचे हवेत, धनादेश स्टेजवर द्यायचा आणि फोटो काढायचा. फोटोला मी नम्रपणे नकार देते. माझ्या अनुभवात, मुलाची परिस्थिती नावाशिवाय सांगितली की बहुतेक जण अट सोडतात. एका गृहस्थांनी तर पुढच्या वर्षापासून स्वतःचं नावही गुप्त ठेवायला सांगितलं.

रक्कम केव्हा हातात पडते याला फार महत्त्व आहे. फेब्रुवारीत मिळालेले दहा हजार सप्टेंबरची फी भरत नाहीत. सरकारी रक्कम अडकली असेल तर आधी आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते पाहा. शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि ते खातं कित्येकदा मुलाच्या लक्षातही नसतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र न आलेल्या अर्जांवर घालवा. इंटरनंतर भीमराव आंबेडकरांच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी त्यांची भेट घडवली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराज उदार होतेच. पण मुलाला त्यांच्यापर्यंत नेणारे गुरुजी मधे होते, आणि समितीतल्या माणसाने ती जागा आपली मानावी असं मला वाटतं.

आमच्या फॉर्मवर पूर्वी 'गुणवंत व गरजू' असं छापलेलं असायचं. पन्नास-साठ टक्केवाली मुलं ते वाचूनच मागे फिरायची. आता फक्त 'शिक्षण साहाय्य' लिहितो. आणि फी खिडकीवरच्या लिपिकताईंकडे एक वही ठेवली आहे. फी हप्त्याने भरू का, असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव त्या त्यात लिहितात. ऑगस्टअखेर मी त्या वहीतली नावं आलेल्या अर्जांशी ताडून पाहते. गेल्या वर्षी चार नावं अर्जांत नव्हती. त्यातला दिघ्याचा एक मुलगा भेटला, तर फॉर्म पूर्ण भरून तीन आठवडे त्याच्या दप्तरात पडलेला. वडील गेलेले, आई गावी, आणि पालकाच्या सहीची जागा रिकामी म्हणून तो देत नव्हता. आम्ही त्याच्या मामांना फोन केला. ते तुर्भ्याहून पाळी संपवून रात्री आठला आले, शिपाईमामांनी ऑफिस उघडं ठेवलं होतं, आणि सही झाली.