डोंगरातल्या कॅम्पिंगला निघालात? या चुका टाळा (न शिजलेल्या डाळीसकट)

कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपचं पहिलं कॅम्पिंग व्हॉट्सॲपवर ठरतं आणि पहिली चर्चा होते ती ‘पावभाजी की मिसळ’ यावर. आमचंही तसंच झालं. कुणाचा टेंट किती जणांचा, रात्री थंडी किती पडते, आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) त्या साइटवर मावेल का, हे प्रश्न आम्हाला पडले ते थेट डोंगरात पोचल्यावर, अंधारात.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली, म्हणजे योसेमिटी आणि सिक्वोया ही नॅशनल पार्क आणि आजूबाजूच्या नॅशनल फॉरेस्टमधली कॅम्पग्राउंड अगदी साधी असतात. प्रत्येक साइटवर, म्हणजे टेंट-गाडीसाठी आखून दिलेल्या जागेवर, एक लाकडी टेबल, आगीसाठी लोखंडी कडं, अस्वलापासून खाणं वाचवायला एक लोखंडी पेटी. नळ थोडा लांब, संडास त्याहून लांब, वीज नाही. इतक्या साध्या जागी चुकायचं ते काय, असं दुपारच्या उन्हात वाटतं. दुपारी चारला केलेली चूक पहाटे तीनला उठवते, हे तेव्हा ठाऊक नसतं.

चार कुटुंबं, एक साइट

योसेमिटीत एका साइटवर जास्तीत जास्त सहा माणसं आणि दोन गाड्या चालतात. त्या सहात मुलंही धरली जातात. ‘लहान आहे, कडेवरच असतो’ हा हिशेब आपल्या एसटीत चालतो, इथे नाही. त्यामुळे चौदा जणांना तीन साइट लागतात आणि त्या शेजारीशेजारी मिळणं नशिबाचा भाग. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत संपतात. तेव्हा कोण कुठल्या साइटवर क्लिक करणार हे आदल्या रात्रीच वाटून घ्या.

आरव्ही नेत असाल तर प्रत्येक साइटपुढे लिहिलेली गाडीची कमाल लांबी वाचा. ‘आरव्ही चालेल’ एवढंच वाचून बुकिंग करणारे खूप. मग २४ फुटांच्या जागेत ३० फुटांची गाडी घालायचा खटाटोप सुरू होतो आणि सगळं कॅम्पग्राउंड चहाचे कप हातात घेऊन तो तमाशा बघतं.

फोन सांगेल त्या रस्त्याने आरव्ही घालणं

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून हायवे १२० ने योसेमिटीकडे जाताना मोकासिन सोडलं की प्रीस्ट ग्रेडची चढण लागते. इथे दोन रस्ते आहेत. जुना जेमतेम दोन मैलांचा, पण चढ काही ठिकाणी १७ ते २० टक्क्यांचा. नवा वळणावळणाचा आणि लांब. फोन वेळ वाचवायला जुन्यावर ढकलू शकतो. तो रस्ता आरव्हीसाठी नाही, निमूटपणे नवा धरा. सिक्वोयात जनरल्स हायवेवर पॉटविशा कॅम्पग्राउंड ते जायंट फॉरेस्ट म्युझियम या टप्प्यात २२ फुटांहून लांब गाडी नेऊ नका, असं पार्क स्वतःच सांगतं.

उताराचं तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे खंबाटकीत आणि कसाऱ्यात ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. पण ऑटोमॅटिक गाडी हातात आली की आपण ते विसरतो आणि उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. आरव्हीलाही लो गिअर असतो, तो वापरा. ब्रेकचा जळका वास आला तर कडेला रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास गाडी निवू द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

‘गॅस भरलेला आहे, पण हीटर लागत नाही’

भाड्याच्या आरव्हीबद्दलची ही नेहमीची तक्रार. आम्ही रात्री अडीचला भोगलेली. आरव्हीचा हीटर प्रोपेनवर जळतो हे खरं, पण त्याची गरम हवा आत ढकलणारा पंखा चालतो गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. संध्याकाळभर सगळे दिवे चालू, चार फोन चार्जिंगला, पाण्याचा पंप दर पाच मिनिटांनी घुरघुरतोय, असं असेल तर पहाटेपर्यंत बॅटरी बसते. मग गॅसची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी आत सगळे कुडकुडतात.

यावर जनरेटर लावून बॅटरी भरायची, पण तो हवा तेव्हा लावता येत नाही. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. संध्याकाळचे हे दोन तास फिरण्यात घालवले की रात्र बॅटरीच्या भरवशावर. मायक्रोवेव्ह आणि एसीही याच वेळात चालतात, कारण तिथे विजेचं कनेक्शनच नसतं. आरव्ही भाड्याने देणाऱ्याने आम्हाला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. टीव्ही कसा लावायचा ते मात्र दहा मिनिटं दाखवलं.

फ्रीज नीट गार होत नसेल तर आधी गाडी सपाट उभी आहे का ते बघा. गॅसवर चालणारा फ्रीज तिरक्या गाडीत नीट काम करत नाही. चाकाखाली लेव्हलिंगचे ठोकळे घालून गाडी समतल करा. ठोकळे नसतील तर पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली ओट्यावर आडवी ठेवून आतल्या बुडबुड्यावरून कुठली बाजू उंच आहे ते तरी कळेल, मग साइटवरच गाडी थोडी पुढे-मागे करून बघा.

डाळ

आता शीर्षकातल्या डाळीकडे. आमचा मुक्काम होता ते योसेमिटीतलं टुऑलमी मेडोज समुद्रसपाटीपासून सुमारे ८,६०० फुटांवर आहे, म्हणजे २,६०० मीटर. महाबळेश्वरच्या दुपटीला थोडंच कमी. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. वाफ दिसते, बुडबुडे दिसतात, पण आच तिथेच अडते. गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त लवकर आटतं.

आम्ही कुकर मुद्दाम घरी ठेवला होता, ‘कॅम्पिंगला कसला कुकर’ म्हणून. तूरडाळ पातेल्यात चढवली ती सहा वाजता. सव्वासातला दाणा बोटांत दाबून पाहिला तर बाहेरून मऊ आणि मधे खडा. आठ वाजता फोडणी घालून टाकली. काय करणार, पोरं रडायला लागली होती. त्या आमटीत डाळ तळाशी वेगळी आणि पाणी वर वेगळं होतं. मुलांनी ती ‘डाळीचं सूप’ म्हणून खाल्ली.

तीन लिटरचा छोटा कुकर न्याच. दोन शिट्ट्या जास्त होऊ द्या. कुकर नसेल तर तूर आणि राजमा-छोले विसरा, मूग किंवा मसूर न्या आणि सकाळीच भिजत घाला. पिठलं मात्र कुठल्याही उंचीवर होतं. भाजणी आणि मेतकूटही तसेच भरवशाचे.

सकाळी शेगडी मिणमिणत असेल तर दोष गॅस संपल्याचाच असेल असं नाही. लांबट डब्यांवरच्या छोट्या शेगड्यांत बहुधा ब्युटेन असतो, आणि ब्युटेन थंडीत नीट वायू होत नाही. शेगडी पेटलेली असताना डबा आणखी गार पडत जातो. डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपलं तर सकाळी चहा होतो. पण तो आगीजवळ धरून गरम करायचा नाही, कधीही नाही. दरवर्षी जाणार असाल तर प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी घेऊन टाका.

अस्वलाला लसणाची चटणी आवडते का

माहीत नाही, पण वास नक्की येतो. सिएरातली अस्वलं म्हणजे ब्लॅक बेअर, रंगाने बहुतेकदा तपकिरी. माणसांवर धावून जाण्यापेक्षा गाडीचं दार वाकवून आतला डबा काढण्यात त्यांना जास्त रस. १९९८ साली एकट्या योसेमिटीत अस्वलांच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी गाड्या फोडल्याच्या. त्यानंतर लोखंडी पेट्या आणि नियम दोन्ही वाढले आणि हा आकडा खूप खाली आला.

आपल्या लोकांची नेहमीची चूक म्हणजे ‘खाणं’ या शब्दाचा अर्थ फार तोकडा लावणं. जेवण पेटीत जातं, पण मसाल्याचा डबा गाडीत राहतो. टूथपेस्ट, सनस्क्रीन, व्हिक्स, लिप बाम, खोबरेल तेल, ओले वाइप्स, रिकामे डबे, कचऱ्याची पिशवी, सगळं पेटीत जायला हवं. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मुलाची कार सीट. त्या सीटच्या फटीत पार्लेजीचा चुरा, चुरमुरे आणि कधीकाळचा बेदाणा असतोच. निघायच्या आधी घरीच सीट काढून झटका.

अंधार पडल्यावर योसेमिटीत गाडीत खाणं ठेवता येत नाही, डिकीतही नाही. आरव्हीत ठेवता येतं, पण खिडक्या-दारं बंद हवीत. पेटी साधारण ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद आणि १८ इंच उंच असते. हा १८चा आकडा लिहून ठेवा. आमचा चाकांचा मोठा कूलर त्यात शिरेना. शेवटी रात्री नऊला हेडलॅम्पच्या उजेडात सगळं दही-पनीर-दूध काढून पिशव्यांत भरलं आणि रिकामा कूलर धुऊन पुसून आडवा कोंबला. कूलर घ्यायला जाताना दुकानातच मोजायची टेप घेऊन जा.

पेटीची कडी दिवसाही, पाच मिनिटांसाठी जातानाही लावा. आणि खरकटं पाणी झाडाच्या बुंध्याशी किंवा आगीच्या कड्यात ओतू नका, भांडी पिण्याच्या नळाखाली घासू नका. त्याची जागा वेगळी असते, पाटी वाचा.

‘टेंट गळतोय’

पाऊस नसताना सकाळी आतून पाणी टपकत असेल तर टेंट गळत नाहीये. ते तुमच्याच श्वासाचं पाणी आहे. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. वरची जाळी थोडी उघडी ठेवा. थंडी जरा वाढते, पण अंथरूण कोरडं राहतं, आणि ओल्या अंथरुणातली थंडी कितीतरी वाईट.

खरी थंडी येते ती खालून. टुऑलमीत जुलैतही रात्री पारा ४-५ अंशांवर येतो. लोक जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली साधी हवेची गादी घालतात. त्या गादीतली हवा जमिनीइतकीच गार होते. खाली फोमची चटई घाला, नसेल तर घरातली जुनी सतरंजी आणि वर रजई तरी घाला. बॅगवर लिहिलेला तापमानाचा आकडा नीट वाचा. त्यातला ‘कम्फर्ट’चा आकडा आपला, ‘लोअर लिमिट’चा नव्हे. झोपण्याआधी मोजे बदला. दिवसभर घातलेले मोजे कोरडे वाटले तरी दमट असतात.

जागा निवडताना खोलगट सपाटी मोहात पाडते. उन्हाळ्यात दुपारी तिथे वादळी सरी येतात आणि तो खळगा भरतो. वर बघायलाही विसरू नका, वाळलेल्या फांदीखाली टेंट नको.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. थंडी वाजते म्हणून कोळशाची किंवा गॅसची शेगडी टेंटमध्ये घेऊ नका, ‘दोन मिनिटं’ही नाही, आरव्हीतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यातला माणूस झोपेतून उठत नाही.

पहिल्या रात्रीची डोकेदुखी

सकाळी समुद्रसपाटीवर नाश्ता आणि रात्री ८,६०० फुटांवर जेवण, हे शरीराला पटतंच असं नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या रात्री होऊ शकतं. त्याला ‘अॅसिडिटी’ समजून लिंबू-सोडा देत बसू नका. पाणी प्या, पहिला दिवस दमछाक नको, बिअर दुसऱ्या रात्रीवर ढकला. त्रास वाढतच गेला, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

निघताना

रात्री १० नंतर शांतता पाळायची असते, त्यामुळे अंताक्षरी साडेआठलाच सुरू करा. लाकडं घरून नेऊ नका. लाकडातून किडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, म्हणून ती तिथेच विकत घ्यावी लागतात.

आरव्हीवाल्यांनी घाईत एक उलटं करू नये. डम्प स्टेशनवर (आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी काळ्या टाकीची, म्हणजे संडासाची, झडप उघडायची, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे पाइप त्याच पाण्याने धुऊन निघतो. आणि मुक्कामभर काळ्या टाकीची झडप बंदच हवी, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आत सुकतं. ते काढायचं काम कुणाच्या वाट्याला येतं ते आमच्या ग्रुपमध्ये अजून चर्चिलं जातं.

आग विझवायला माती लोटून चालत नाही, मातीखाली निखारा तासन्‌तास धगधगतो. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून एक बादली.