वाळवंटी सिंगलट्रॅकवर अनेक दिवसांचे बाइकपॅकिंग: निघण्यापूर्वीची तयारी

बाइकपॅकिंग म्हणजे सायकलीलाच सामानाच्या पिशव्या बांधून केलेला मुक्कामी प्रवास. त्याच्या तयारीची सुरुवात सामानाने न करता नकाशावर पाण्याच्या जागा टिपण्याने करावी. वाटेत पाणी कोठे मिळेल, ते झऱ्याचे आहे, गुरांच्या टाकीतले आहे की वस्तीतल्या नळाचे, आणि ज्या महिन्यात आपण जाणार त्या महिन्यात ते खरोखर असते का, हे आधी लिहून काढावे. दोन पाणवठ्यांमधले अंतर किलोमीटरऐवजी तासांत मांडावे. कारण दगडधोंडे, सैल वाळू आणि खडकांच्या पायऱ्या असलेल्या, जेमतेम एका सायकलीपुरत्या वाटेवर, म्हणजे सिंगलट्रॅकवर, सामानासह ताशी पाच-सहा किलोमीटर पडले तरी ती चाल चांगलीच म्हणावी लागते. दिवसभर पेडल मारणाऱ्याला थंड हंगामातही स्वयंपाकासह पाच-सहा लिटर पाणी सहज लागते आणि ऊन तापले की तेही पुरत नाही. लिटरमागे एक किलो वजन वाढते, म्हणून काही जण पाण्यातच काटकसर करतात. माझे मत स्पष्ट आहे: वजन कमी करायचे असेल तर कपडे कमी करावेत, पाणी नाही. एखादा झरा कोरडा निघाल्यास मागे फिरायचे की पुढे जायचे, हेही प्रत्येक जागेसाठी घरीच ठरवून ठेवावे. तहानेने व्याकूळ झाल्यावर घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो.

पाणी एकाच पिशवीत न भरता किमान तीन भांड्यांत विभागावे, म्हणजे एक फुटले तरी प्रवास धोक्यात येत नाही. सर्वांत जड पिशवी फ्रेमच्या त्रिकोणात शक्य तितकी खाली बसवावी. गढूळ पाण्याने फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणीच गाळावे. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला, तर आतून फाटूनही बाहेरून धड दिसतो. त्यामुळे थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे आणि क्लोरीनच्या गोळ्या जोडीला ठेवाव्यात. क्षार किंवा खाणीतली रसायने मात्र असल्या फिल्टरने निघत नाहीत. घामावाटे मीठही जात असल्याने नुसते पाणी पीत राहणे घातक ठरू शकते, तेव्हा खारट खाऊ आणि क्षारांची पाकिटे रोजच्या हिशेबाने मोजून घ्यावीत.

टायर हा यादीतला दुसरा मोठा विषय आहे. रुंद, जाड बाजूंचे ट्यूबलेस टायर बसवावेत आणि सीलंट (टायरमधली छिद्रे आतून बुजवणारा द्रव) निघण्याच्या आठवड्यात नव्याने भरावे, कारण कोरड्या, उष्ण हवेत ते लवकर सुकते. सराटा टायरमध्ये रुतला की तो लगेच उपटण्याचा मोह होतो. पण बारीक काट्याचे छिद्र बहुधा सीलंट आपोआप बुजवते, म्हणून चाक फिरवून काटा खालच्या बाजूस आणावा, मगच तो काढावा आणि पांढऱ्या बुडबुड्यांचा फेस थांबेपर्यंत चाक तसेच धरून ठेवावे. खडकाच्या धारेने टायरची बाजू चिरली तर प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी) पुरत नाही. त्यासाठी जाड सुई, मजबूत दोरा, आतून लावायचा तुकडा आणि दोन ट्यूब बरोबर हव्यातच. आपल्याच सायकलीला बसणारा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), चेनच्या क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणाऱ्या कड्या), ब्रेक पॅडची जोडी, कोरड्या हवेसाठीचे वंगण आणि निवडुंगाचे काटे उपटायला चिमटा, एवढे सोडून बाकीची हत्यारे मोजकीच घ्यावीत.

सामान बांधल्यावर पुढचे सस्पेन्शन (धक्के झेलणारा भाग) पूर्ण दाबून हँडलबारवरची पिशवी चाकाला घासत नाही ना, हे पाहावे. मागच्या पिशवीसाठीही हीच कसोटी आहे. वाढलेल्या वजनानुसार सस्पेन्शनमधली हवाही वाढवावी. पट्ट्या जेथे फ्रेमला टेकतात तेथे टेप चिकटवावी, कारण मधे अडकलेली बारीक वाळू पॉलिश पेपरासारखी रंग खरवडते. सायकल ढकलत बरेच चालावे लागणार असल्याने बुटांचा तळवा खडकावर पकड घेणारा असावा.

दिवसा कितीही तापले तरी कोरड्या हवेत रात्री झपाट्याने गारठा पडतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सैल सदरा आणि उबदार जाकीट दोन्ही लागतात. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. खुंट्यांशिवाय उभा राहणारा तंबू घ्यावा आणि तो कोरड्या नाल्याच्या पात्रात कधीही लावू नये, कारण दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही येऊ शकतो. वाटेच्या कडेला जमिनीवर दिसणारा काळपट, खडबडीत थर सूक्ष्मजीव आणि दगडफुलांनी बनलेला असतो. तो चाकाखाली चिरडला गेला की भरून यायला अनेक वर्षे लागतात, म्हणून वाट सोडू नये.

नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि कागदी प्रतही ठेवावी. इतक्या संथ चालीत डायनॅमोवर फोन नीट चार्ज होत नाही, तेव्हा पॉवर बँक पूर्ण भरलेली असावी. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घरूनच वापरून पाहावे. मार्ग, मुक्काम आणि वाट सोडून बाहेर पडण्याच्या जागा एका विश्वासू व्यक्तीकडे लेखी द्याव्यात आणि कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत मागवायची, ती वेळ त्याच कागदावर लिहावी.