डिव्हाइस ट्रीचा रिव्ह्यू: आधी काय बघायचं, नंतर काय

लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) काम करायला शिरायचंय पण सी भाषा अजून कच्ची आहे, असं कुणी म्हटलं की मी त्याला डिव्हाइस ट्रीच्या फाइली वाचायला लावतो. त्यात प्रोग्रॅम नसतोच. बोर्डावर कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचा इंटरप्ट, क्लॉक कुठून येतो, एवढं वर्णन असतं. एआरएम प्रोसेसरांच्या कर्नल कोडमध्ये पूर्वी ही माहिती बोर्डागणिक सी फाइलींत कोंबलेली असे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले आणि एआरएमवाल्यांनी डिव्हाइस ट्रीकडे वळायचा वेग वाढवला.

पॅच, म्हणजे कुणी पाठवलेला बदल, तपासायला आला की डोळ्यांआधी टूल्स चालवा. चेकपॅच (मांडणी तपासणारी स्क्रिप्ट), डब्ल्यू=१ लावून (जादा इशाऱ्यांसह) बिल्ड, आणि डीटीबीएस-चेक (वर्णन ठरलेल्या नियमांत बसतं का ते बघणारं). टॅबच्या जागी स्पेस, नोडच्या (एका भागाच्या नोंदीच्या) नावातला पत्ता आणि रेग या पत्त्याच्या प्रॉपर्टीतला पत्ता जुळत नाही, असल्या गोष्टी मशीनच सांगतं. त्यावर माणसाने वेळ घालवू नये.

माणसाने बघायचं ते वेगळं. एका बसवरचे (भागांना जोडणाऱ्या एकाच वाटेवरचे) नोड पत्त्याच्या चढत्या क्रमाने हवेत, पत्ता नसलेले नावाच्या वर्णक्रमाने. हा नुसता टापटिपीचा हट्ट नाही: दोघांनी आपापला नोड फाइलीच्या शेवटी चिकटवला तर दोन्ही बदल एकत्र (मर्ज) करताना त्यांचं हमखास भांडण होतं, क्रम ठरलेला असला की दोन बदल सहसा वेगवेगळ्या जागी पडतात. नोडच्या आत आधी कम्पॅटिबल (हा भाग कोणता, हे सांगणारं नाव), मग रेग, मग रेंजेस (पत्त्यांचं रूपांतर), नंतर सर्वसाधारण प्रॉपर्टी, त्यानंतर कंपनीच्या खास, आणि स्टेटस (भाग चालू की बंद) सगळ्यांत शेवटी. नोडच्या नावात हायफन चालतो, लेबलमध्ये (दुसरीकडून त्या नोडकडे बोट दाखवायच्या टोपणनावात) अंडरस्कोअर. अक्षरं दोन्हीकडे स्मॉलच. चिपच्या सामाईक फाइलीत बाहेर पिना लागणारी यूएआरटी, आयस्क्वेअरसी वगैरे जोडण्या डिसेबल्ड ठेवायची आणि ज्या बोर्डावर खरंच जोडली आहेत तिथे ओके करायची.

नवखा रिव्ह्यूअर इथे घसरतो. त्याला क्रम चुकलेला लगेच दिसतो, कारण तो दिसायला सोपा असतो. पण क्रम उद्याही सुधारता येतो. कम्पॅटिबलचं नाव किंवा नवी प्रॉपर्टी एकदा रिलीजमध्ये गेली की ती एबीआय, म्हणजे मोडता न येणारा करार, झाली. जुनं डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कम्पाइल केलेली फाइल) नव्या कर्नलवर चालायलाच हवं, शिवाय यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही हीच वर्णनं वापरतात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: ही प्रॉपर्टी हार्डवेअरबद्दल काही सांगते, की लिनक्सच्या ड्रायव्हरने कसं वागावं हे सांगते? दुसरं असेल तर बाकीच्या टिपण्या राहू द्या, आधी त्यावर बोला. बाइंडिंगचा (कोणत्या प्रॉपर्टी चालतात या नियमांचा) पॅच वेगळा आणि डीटीएसच्या (वर्णनाच्या मूळ फाइलीच्या) पॅचआधी आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

जुन्या फाइली गबाळ्या असतात. नवीन नोड टाकणाऱ्याला "जाता जाता सगळी फाइल लाव" म्हणू नका. साफसफाई वेगळ्या पॅचमध्ये. तशी साफसफाई स्वतः केलीत तर कर्नलच्या स्क्रिप्ट्समधल्या डीटीएक्स-डिफने आधीचं आणि नंतरचं वर्णन ताडून पाहा.

टिपणी लिहिताना कारण द्या. "सॉर्ट करा" एवढंच लिहिलं तर समोरचा भलत्याच क्रमाने लावून पाठवतो आणि तुमची आणखी एक फेरी वाया जाते. आणि फक्त मांडणीच पाहिली असेल तर रिव्ह्यूड-बाय देऊ नका. तो टॅग म्हणजे बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आणि तो घेण्यालायक वाटला, असं तुमच्या नावानिशी दिलेलं निवेदन आहे. चिपची डेटाशीट न उघडता तो दिलात तर मेंटेनर (बदल स्वीकारणारा) पुढच्या वेळी तुमचा टॅग मोजणार नाही.