पक्षाघाताच्या रुग्णाची मिनिटे कोठे वाया जातात: छोट्या रुग्णालयांनी या चुका टाळाव्यात

पक्षाघाताचा रुग्ण उशिरा आला की दोष नातेवाइकांना देऊन आपण मोकळे होतो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु अपघात विभागाच्या दारापासून मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या सुईपर्यंत जाणारा वेळ आपल्याच हातात असतो, आणि तो साठ मिनिटांच्या आत आणणे उपजिल्हा रुग्णालयालाही अशक्य नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक केसपेपरच्या पहिल्याच ओळीत होते. ‘त्रास कधी सुरू झाला?’ असे विचारले की मुलगा सांगतो, ‘सहाला उठवायला गेलो, तर हात उचलेना.’ वास्तविक गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजायची असते. म्हणजे रुग्ण रात्री दहाला नीट झोपायला गेला असेल, तर हिशेब तेव्हापासून धरावा लागतो आणि मुदत संपलेली दिसते. पण सून जर म्हणाली, ‘साडेचारला बाथरूमला गेले होते, माझ्याशी नीट बोलले’, तर सव्वासातला आलेल्या या रुग्णाच्या हाती अजून पावणेदोन तास असतात. म्हणून हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारावा.

त्यानंतर रक्ताच्या सर्व अहवालांची वाट पाहत बसू नये. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत नसेल आणि रक्तस्रावाच्या आजाराची शंका नसेल, तर औषधापूर्वी अनिवार्य असलेली रक्ततपासणी एकच, ती म्हणजे साखर. ती ग्लुकोमीटरवर मिनिटभरात कळते, आणि साखर उतरल्यामुळे आलेला लुळेपणाही त्यातच उघड होतो. मात्र सीटी स्कॅनला पर्याय नाही. मेंदूत रक्तस्राव नाही हे दिसण्याआधी ॲस्पिरिन देणे म्हणजे डोळे मिटून औषध देणे होय. सीटीची सोय नसेल, तर सलाईन लावून निरीक्षणाखाली ठेवण्यात वेळ घालवू नये. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करून रुग्ण तत्काळ पाठवावा आणि चिठ्ठीवर ती शेवटची धडधाकट वेळ ठळक अक्षरांत लिहावी.

रक्तदाबाचा आकडा पाहून घाबरणे ही तर आपली जुनी खोड आहे. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि एकाएकी घसरलेल्या दाबामुळे मेंदूच्या वाचू शकणाऱ्या भागाचाही रक्तपुरवठा तुटतो. गुठळीचे औषध द्यायचे असेल तर दाब १८५/११० च्या खाली आणावा. ते द्यायचे नसेल आणि अन्य तातडीचे कारण नसेल, तर सामान्यतः २२०/१२० पर्यंत हात लावू नये.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा अंदाजाने ‘साठ किलो’ लिहू नये. स्ट्रेचरसकट वजन करून स्ट्रेचरचे वजा करावे.

वॉर्डात मात्र धोका चहाच्या कपातून येतो. रुग्ण जरा शुद्धीवर दिसला की कोणीतरी मायेने दोन घोट पाजते, ते श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. सिस्टरने रुग्णाला ताठ बसवून चमच्याने पाणी देऊन पाहावे. ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला, तर तोंडावाटे गोळीसुद्धा देऊ नये आणि तशी पाटी खाटेच्या उशाशी, नातेवाइकांना दिसेल अशी लावावी.