थर्म, बीटीयू आणि आपलं युनिट

न्यू जर्सीतल्या पहिल्या हिवाळ्यात दोन बिलं हातात पडतात. विजेचं कळतं, कारण त्यावरचा किलोवॅट-तास म्हणजे आपलं नेहमीचं युनिट. गॅसच्या बिलावर मात्र थर्म, आणि तळघरातल्या फर्नेसवर, म्हणजे गॅसवर घर तापवणाऱ्या भट्टीवर, बीटीयू. सिलिंडर किलोवर मोजत आलेल्या माणसाला यातून खर्चाचा काहीच अंदाज येत नाही.

एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक बीटीयू. काडेपेटीतली एक काडी पूर्ण जळली की साधारण तेवढी मिळते. एका युनिटात अशा ३,४१२ बसतात आणि एका थर्ममध्ये १,००,०००. म्हणून एक थर्म म्हणजे २९.३ युनिटं. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता हिशेब करू. समजा थर्मला दीड डॉलर आणि विजेच्या युनिटला २० सेंट पडतात. ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस असेल तर थर्ममागे घरात साडेतेवीस युनिटांएवढीच ऊब येते, बाकीची चिमणीतून जाते. तरीही ते युनिट साडेसहा सेंटच्या आतच पडतं. साध्या इलेक्ट्रिक हीटरवर तेवढ्याच उबेला २० सेंट. तुमच्या बिलावरचे दर घालून हे एकदा स्वतः करून बघाच.

फर्नेसच्या पट्टीवर 'इनपुट ८०,०००' आणि 'आउटपुट ६४,०००' असे दोन आकडे दिसतील. 'तासाला' हा शब्द कित्येकदा छापलेलाच नसतो, तो आपण धरायचा. ६४,००० भागिले ३,४१२, म्हणजे पावणेएकोणीस किलोवॅट. दुकानात मिळणारा छोटा हीटर दीड किलोवॅटचा. तसे साडेबारा हीटर लावाल तेव्हा एका फर्नेसची बरोबरी होईल.

हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. दोन खोल्यांत दोन हीटर लावले, दोन्ही एकाच सर्किटवर. १२० व्होल्टला ३,००० वॅट म्हणजे २५ अँपिअर, आणि ब्रेकर १५ चा. तो पडला, म्हणून मी एक हीटर एक्स्टेन्शन लावून स्वयंपाकघरातल्या सॉकेटला जोडला. तासाभराने हात लावला तर प्लग चटका बसण्याइतका तापलेला, पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं. बाळ शेजारच्या खोलीत झोपलं होतं. कळकळीने सांगतो, हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, आणि एका सर्किटवर एकच.

एसीचा टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साडेतीन किलोवॅट. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा वेग. आपल्याकडचा दीड टनी एसी इथे '१८,००० बीटीयू' म्हणून विकतात. तो सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, पण वीज साधारण दीडच किलोवॅट खातो, कारण तो उष्णता तयार करत नाही, फक्त हलवतो. हीट पंप हेच उलट दिशेने करतो. एका युनिटात तीन युनिटांची ऊब मिळाली, तर वरच्या दराने ती पावणेसात सेंटला पडते, म्हणजे जवळजवळ गॅसच्याच भावात.

तेव्हा भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा घरमालकाकडे जानेवारीचं गॅसबिल मागा. डॉलर नंतर बघा, आधी थर्म बघा.