तिकिटावरून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढावेत

नागपूरहून मुंबईमार्गे सिंगापूरला जाताना मुंबई-सिंगापूर टप्प्याच्या तिकिटावर रात्री ११.४० ते सकाळी ७.४० अशा वेळा दिसल्या, की प्रवास आठ तासांचा वाटतो. पण या वेळा त्या त्या शहराच्या असतात.

१. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्याने पोहोचण्याच्या वेळेतून तेवढे वजा करावेत, म्हणजे पहाटेचे ५.१० होतात आणि उड्डाण साडेपाच तासांचे ठरते. परतीच्या वेळी उतरण्याची वेळ आपलीच असते, म्हणून तेथील निघण्याची वेळ अडीच तास मागे घ्यावी.

२. पडताळणीसाठी अंतराला ८०० ने भागून अर्धा तास मिळवावा. सुमारे ३,९०० किलोमीटरला साधारण तेवढेच तास येतात.

मुंबईतील थांबा मात्र यात धरलेला नाही. नागपूर-मुंबई तिकीट वेगळे काढले असल्यास सामान बहुधा मुंबईत उतरवून पुन्हा द्यावे लागते, त्यामुळे तेथे निदान चार तास हाताशी ठेवावेत.