बारावीच्या दिवाळीतच उघडायची फाईल

आई-वडील दोघेही गेले आहेत आणि मूल मामा, मावशी, आजी किंवा बालगृहासारख्या संस्थेकडे वाढलंय, तर कॉलेजच्या फीसाठी पहिला कागद म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. निकालानंतर धावपळ करून ते वेळेत हाती येत नाही, म्हणून बारावीच्या दिवाळीतच अर्ज टाका. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा. इथेच अनेकांची फेरी फुकट जाते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, म्हणजे अलिबागचं कार्यालय. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असतं म्हणून ठाण्याला जाऊ नका.

सोबत दोघांचेही मृत्यू दाखले हवेत. दाखला राहत्या घराच्या नव्हे, मृत्यू झाला तिथल्या नोंदणीतून मिळतो: वडील कळव्याच्या रुग्णालयात गेले असतील तर ठाणे महापालिकेकडून, आई गावी गेली असेल तर ग्रामपंचायतीकडून. गावचा दाखला आणायला सुट्टीचीच वाट पाहावी लागते, तेव्हा तो आधी मागवा. संस्थेतल्या मुलासाठी बाल कल्याण समितीचा आदेशही जोडा. आई किंवा वडील हयात असतील तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये येत असले तरी. ते पैसे १८ व्या वर्षी थांबतात, नेमके पहिली फी भरायच्या सुमारास. घरखर्चाचा हिशोब आधीच मांडून ठेवा. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांनी अनुरक्षणासाठी, म्हणजे १८ नंतरच्या राहण्या-शिकण्याच्या मदतीसाठी, १८ पूर्ण होण्याआधीच अधीक्षकांशी बोलावं.

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना संस्थात्मक (संस्थेत वाढलेली) आणि संस्थाबाह्य (नातेवाइकांकडे वाढलेली), दोन्ही वर्गांतल्या अनाथ मुला-मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के रक्कम शासन देतं. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठ घेतलं की हक्क गेला. वसतिगृह, पुस्तकं, रेल्वे पास यात येत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे काढा.

दत्तक मुलाची वाट निराळी. कायद्याने ते तुमचंच मूल, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला तुमचा, आणि अर्ज राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचा (तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख) किंवा तुमच्या प्रवर्गाच्या योजनेचा. जन्मदाखल्यावर दत्तक पालकांची नावं आहेत ना, ते पाहा. असतील तर दत्तक आदेशाची झेरॉक्स कॉलेजच्या काउंटरवर देऊ नका. मुलाची ती गोष्ट कारकुनापर्यंत जायचं कारण नाही.

शेवटी नाव आणि खातं. दहावीची गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडा. संस्थेत असताना काढलेल्या आधारवर आडनाव बऱ्याचदा गळलेलं असतं. खातं मुलाच्याच नावाचं हवं, आणि बँकेत विचारायचं ते ‘आधार जोडलंय का’ एवढंच नाही, ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) हेच खातं मॅप आहे का’ हेही. दोन खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरल्यावर दर आठवड्याला लॉगिन उघडा. कॉलेजने त्रुटी काढून परत पाठवला तर कळवायला घरी कोणी येत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा भरायचंच.